भोपळा मागे राहिला आहे

घनसावंगीत मी भाड्याने राहत होतो त्या खोलीतून मोरीकडे जायचं तर गोदावरी ओलांडावी लागे. खोली गच्चीवर होती. घरमालक भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गच्चीच्या कोब्यावर त्यांनी निळ्या ऑइलपेंटने नदी काढली होती. पश्चिमेला पाण्याच्या टाकीपाशी उगम, माझ्या दारासमोर पैठण, जिन्याजवळ नांदेड, आणि पूर्वेच्या कठड्याखाली पावसाचं पाणी बाहेर पडायचं त्या भोकाशी बंगालचा उपसागर. उन्हाळ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, नदीवर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घालत.

"नांदेड झाकलंस तू," सर वर येऊन म्हणत.

"राहू द्या झाकलेलं. संध्याकाळी काढते तुमचं नांदेड."

मी एका वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर होतो. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. 'पत्रकार' म्हणत.

नकाशा भिंतीला टांगण्याला त्यांचा विरोध होता. भिंतीवर उत्तर आभाळात जाते आणि दक्षिण जमिनीत, मग सगळ्या नद्या खाली पडतात असं मुलांना वाटतं, असं ते सांगत. नोकरीभर त्यांनी नकाशा वर्गाच्या फरशीवर अंथरला, होकायंत्राने जुळवला आणि मुलांना त्याच्याभोवती उभं केलं. शाळा तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी बूट काढून समुद्रात उभं केलं होतं. ही हकिकत गावात मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळाली. प्रत्येक वेळी अधिकाऱ्याचा हुद्दा वाढलेला असे.

घरातही दिशा चालत. डावं-उजवं नव्हतं. "पश्चिमेचा दिवा बंद करा," "साखर उत्तरेच्या डब्यात आहे." पुढच्या खोलीतली बुद्धाची तसबीर त्यांनी होकायंत्र लावून बरोबर पूर्वेच्या भिंतीवर बसवली होती. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाताना भरलेल्या जीपमधला ड्रायव्हर ओरडे, "सर, जरा सरका की!" सर विचारत, "कुठल्या दिशेला?" त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं हसत. सर हसत नसत. त्यांना उत्तर हवं असे.

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. ते कळल्यावर मी सरळ विचारलं, "जालन्याहून रेल्वे आहे सर. एकदा जाऊन का येत नाही?"

"समुद्र बघून मी काय करू? तो आहेच. प्रश्न आपल्या पाण्याचा आहे."

हा प्रश्न छायाचा होता. छाया त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. आता बसस्थानकासमोर तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आठवीच्या चाचणीत सरांनी विचारलं होतं, गोदावरी कोठे मिळते? छायाने लिहिलं, उसाला. सरांनी लाल रेघ मारून मार्क कापला. वर्गात ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या गावाखाली बंधारा हाय. मोटरी लावून सगळं पाणी उसात जातं. पुढं गेलेलं कुणी पाह्यलं?"

सरांनी तिला पुस्तकातलं पान दाखवलं. ती बसली. प्रश्न मात्र सरांच्या घरी आला आणि तिथेच राहिला. काकूंनी मला तो काळ सांगितला. हे जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, तिचं बरोबर असलं तर? मी म्हणायची, मंग द्या तिला तिचा मार्क. हे म्हणायचे, तपासल्याशिवाय कसा देऊ?

तपासायचं साधन पुण्याहून आलं. सर चष्मा विसरत, किल्ल्या विसरत, म्हणून मुलीने वस्तू शोधायचे चार टॅग पाठवले. पांढरे, गोल, सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढे. फोनशी ते जोडायचं काम छायाने दुकानात केलं. मी तिथे बातमीच्या निमित्ताने बसलो होतो.

"हा अलर्ट लावला बघा सर. वस्तू सोडून तुम्ही लांब गेलात की फोन वाजणार, अमुक मागे राहिलं म्हणून. आणि हा दुसरा, सापडल्यावर कळवा. वस्तू दूर कुठं असली, तिच्याजवळून कुणाचा फोन गेला, तर तुम्हाला ठिकाण कळणार."

"कुणाचाबी फोन?"

"कुणाचाबी. त्या माणसाला पत्ताबी न्हाई लागत. त्याच्या खिशातला फोन आपला निरोप सांगून जातो."

सरांनी टॅग तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. एक किल्ल्यांना लागला, एक चष्म्याच्या डबीला, एक छत्रीला. चौथा त्यांनी खिशात ठेवला. काही दिवसांनी संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. चपला नदीच्या अलीकडे काढल्या होत्या.

"पत्रकार, हे बटण पाण्यावर तरंगेल का?"

"बुडेल, सर."

"मंग कशात घातलं तर तरंगेल?"

उत्तर काकूंच्या कुंपणावर वाळत होतं. पूर्वी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून नदीत पोहायला शिकत. तसले दोन भोपळे काकूंनी बियांसाठी ठेवले होते. सरांनी एक मागितला.

"कशाला?"

"बंगालच्या उपसागराला पाठवायचाय."

"आयुष्यभर पोरं शिकवली," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता भोपळा शिकवून राह्यले." पण भोपळा त्यांनी स्वतः काढून दिला.

देठाशी भोक पाडून टॅग आत अडकवला, वरून मेण ओतलं आणि शेजारी मराठी-हिंदीत 'इथे फोन टेकवा' असं रंगवलं. मग अडचण आली. फोन टेकवणाऱ्याला त्याच्या पडद्यावर निरोप दिसायचा असेल तर फोनमध्ये वस्तू 'हरवली' म्हणून नोंदवावी लागत होती. सरांनी नकार दिला.

"हरवलेली न्हाई. मी सोडून राह्यलो. हरवली म्हणणं खोटं होईल."

"सर, त्यात 'सोडली' असं बटनच न्हाई," छाया म्हणाली.

"मंग ते अपुरं आहे."

दोन दिवस तो टॅग तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. नोंद 'हरवली' अशी करायची आणि निरोपात ती खोडायची. सरांनी लिहिलेला निरोप पानभर होता, त्यात नदीची लांबीही होती. फोन तेवढी अक्षरं घेत नव्हता. कापायचं काम माझ्याकडे आलं, मला त्याची सवय होती. उरलं ते इतकंच: 'हा भोपळा हरवलेला नाही. कृपया नदीत परत सोडा.' खाली तेच हिंदीत, आणि सरांचा फोन नंबर.

त्यांनी एक नियमही घालून घेतला. भोपळा कुणी हाताने पुढे नेला, तर प्रयोग बाद. "हातानं नेलं ते नदीनं नेलं न्हाई." काठावर अडकला तर पाण्यात ढकलायला हरकत नव्हती. बंधारा ओलांडून द्यायला सक्त मनाई होती.

वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि बंधाऱ्यांची दारं उघडली, तेव्हा आम्ही भोपळा पहिल्यांदा सोडला. दुसऱ्या दिवशी एक मोटरसायकल दारात येऊन थांबली. सरांचा जुना विद्यार्थी. भोपळा त्याने टाकीवर धरून आणला होता, पोटाशी.

"सर, तुमचा भोपळा! नंबर बघितला अन् वळखला. म्हटलं, जल्दी नेऊन द्यावा."

"त्याच्यावर लिहिलं होतं काय?"

"परत सोडा म्हून. पण सर, तुमची वस्तू, अशी कशी सोडू?"

सरांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. सबंध तालुका त्यांनी शिकवलेला होता. त्यातून त्यांची एखादी वस्तू बाहेर जाणं कठीण होतं.

छायाने उपाय केला, न विचारता. तोच भोपळा पुन्हा सोडायच्या दिवशी तिने त्याला लाल कापड गुंडाळलं, हळदीची बोटं ओढली आणि वर लिंबू बांधलं. कुणीतरी नजर उतरवून पाण्यात सोडलेला उतारा वाटावा तसा. असल्या वस्तूला नदीकाठी कुणी हात लावत नाही. बघूनसुद्धा लांबून जातात.

सर भडकले. "मी जन्मभर पोरांना हेच शिकवलं का? ही अंधश्रद्धा आहे!"

"सर, तुम्हाला भोपळा पोचवायचाय का समाज सुधारायचाय? एका टायमाला एकच होईल."

"तू माझी विद्यार्थिनी आहेस."

"म्हून तर. एका मार्कासाठी मी इतकी वर्सं थांबली. तुम्ही मला भोपळा दिल्ता सर, आता निदान खरा भोपळा तर जाऊ द्या."

लिंबू सरांनी काढून टाकलं. हळद पुसली. लाल कापड राहिलं. आणि निरोपात त्यांनी आणखी एक वाक्य घातलं: 'यात काहीही करणी नाही.' छायाने कपाळाला हात लावला. जो घाबरेल तो वाचण्याइतका जवळ येणार नाही, आणि जो जवळ येईल त्याची भीती सर स्वतःच घालवणार.

नदी त्या दिवशी काठोकाठ होती, मातकट आणि आवाज न करणारी. सरांनी गुडघाभर पाण्यात उतरून भोपळा सोडला. तो एक गिरकी घेऊन थांबला, मग प्रवाहाने ओळखल्यासारखा उचलला. लाल ठिपका झाला, मग तोही दिसेना. आम्ही वळून जीपकडे चालू लागलो. अर्ध्या वाटेत सरांचा फोन वाजला. ते थांबले. चष्मा लावून त्यांनी वाचलं: भोपळा मागे राहिला आहे.

"मागं न्हाई," सर फोनला म्हणाले. "पुढं गेला."

त्यानंतरच्या आठवड्यांत त्या घराची वेळ बदलली. संध्याकाळी सर गच्चीवर येऊन उपसागराच्या बाजूला तोंड करून बसत. फोन बहुतेक गप्प असे. नदीच्या मध्यातून जाणाऱ्या वस्तूजवळ कुणाचा फोन येणार? पण त्या गप्प असण्यातही सर नदीबरोबर चालत. "आता वळण घेऊन राह्यला असेल. तिथं काळे दगड आहेत." थोडं थांबून, "आता वीटभट्ट्यांचा धूर लागला असेल." हे सगळं त्यांना नकाशावरून ठाऊक होतं. मी आत पडून ऐकत असे. कधीकधी झोप लागे आणि खोलीखालून पाणी जातं आहे असं वाटे. जाग आल्यावर बाहेर सर तसेच बसलेले असत आणि कोबा निळसर दिसत असे.

मग एखाद्या दिवशी अलर्ट येई. पुलाजवळ दिसला. अमुक घाटाजवळ दिसला. कुणी मासे धरायला गेलेला, कुणी राख सावडून सोडायला आलेला, कुणी नुसता पाय बुडवून बसलेला, त्याच्या खिशातून निरोप आलेला असे. सर म्हणत, "बघा, कुणीतरी नदीवर आल्तं." एवढ्यावरही ते खूश असत. ही सूचना एकदाच वाजायची. वाजली की पुन्हा लावावी लागे. छायाने शिकवल्याप्रमाणे सर ती पुन्हा लावत, बोटाने सावकाश, घड्याळाला किल्ली देतात तसे.

नांदेडच्या घाटावरून एका बाईंचा फोन आला. त्या फुलं विकत. भोपळा पायरीला लागला होता, शेजारच्या पोराच्या फोनवर त्यांनी निरोप वाचून घेतला होता.

"दादा, ह्याच्यात खरंच काही न्हाई ना?"

"एक बटण आहे बाई. दुसरं काही न्हाई."

"मंग कापड लाल कशाला बांधलं?"

"ते माझ्या विद्यार्थिनीचं काम आहे."

"बरं. ढकलते मी काठीनं. दोन झेंडू ठेवू का वर?"

"नको," सर म्हणाले. मग म्हणाले, "ठेवा. वजन होणार न्हाई एवढे."

दारं बंद व्हायच्या आत भोपळा राज्याच्या सीमेवरचा बंधारा ओलांडून गेला. ती सूचना आली तेव्हा सर चपला न घालता छायाच्या दुकानात गेले. ती कुणाच्या तरी फोनची काच बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्र अजून लांब हाय, सर." पण संध्याकाळी ती घरी आली, काकूंनी केलेलं धपाटं खाल्लं आणि गच्चीवर बसून सरांबरोबर नकाशा बघितला.

त्यानंतर काहीच नाही. दिवाळी झाली, कापूस घरात आला, थंडी पडली. तेलंगणातल्या मोठ्या धरणाचा पसारा फोनच्या पडद्यावर निळा दिसे आणि त्याच्या कडेला शेवटचं ठिकाण दाखवणारा ठिपका. सर रोज तो बघत. छाया विचारत नसे. काकूंनीच एकदा मला हळूच विचारलं, "भाऊ, बुडला असंल का हो? यांना सांगा ना तुम्ही. माझं ऐकत न्हाईत." मी सांगितलं नाही. माझ्याजवळ बातमी नव्हती.

संक्रांतीनंतर फोन वाजला. मग पुन्हा वाजला. ठिपका धरणातून बाहेर पडला होता. मी सरांचं अभिनंदन केलं. त्यांनी पडदा माझ्यासमोर धरला.

"बघा कसा चालून राह्यला."

दोन ठिकाणांमधली रेघ सरळ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी.

"नदी अशी चालत न्हाई," सर म्हणाले. "हा कालवा आहे."

ते सरळ छायाच्या दुकानात गेले, मी मागोमाग. तिथेच सरांना फोन आला. छायाने स्पीकर लावला. पलीकडे दखनी बोलणारा एक शेतकरी होता.

"हलो, ये कद्दू आपका है क्या?"

"हौ, हमारा है. किधर मिला?" सर म्हणाले.

"मेरे खेत में आया ना. नहर का पानी छोड़े, उसके साथ बहको आया. पढ़को देखा, नदी में छोड़ो बोलको लिखे."

सरांनी विचारलं, "खेत में क्या है? गन्ना?"

छाया हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ऐकू लागली.

"गन्ना नहीं बाबा. धान है. अब्बीच लगाया."

मग तो माणूस म्हणाला, "नदी इधर से ज़्यादा दूर नहीं. मेरे कू कल उधरीच जाना है. छोड़ दूँ क्या? आगे चले जाएगा, समंदर तक."

सर टेबलाच्या कडेला धरून उभे होते. इतक्या वर्षांचा प्रश्न एका मोटरसायकलच्या फेरीवर आला होता. नियम त्यांनी स्वतः केला होता आणि तो तिघांनाच ठाऊक होता.

छाया पुढे वाकून कुजबुजली, "हो म्हणा सर. सोडू द्या त्याला. मी कुणाला न्हाई सांगत."

सरांनी तिच्याकडे बघितलं. तिचं नुकसान होतं त्यात. भोपळा समुद्राला पोचला असता तर तिचा मार्क गेला असता.

"नहीं भाई," सर फोनमध्ये म्हणाले. "पानी जिधर लाया, उधरीच रहने दो."

"खेत में?"

"खेत में. आपको तकलीफ़ नहीं हो तो."

"तकलीफ़ कायकू? मेंड पे लकड़ी गाड़को टाँग देता. चिड़ियाँ भागेंगे."

"पानी कैसा है इस साल?"

"भोत अच्छा है, बाबा. भोत आया."

फोन बंद झाला. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. लिहायला काहीच नव्हतं, ते नुसतं हातात राहिलं.

"छाया, तुझा मार्क देणं आलं."

"पूर्ण नको," छाया म्हणाली. "मी ऊस लिहिल्ता. तो भात निघाला."

सरांनी विचार केला. त्यांनी खरोखरच विचार केला, पेपर तपासताना करत असतील तसा. "अर्धा."

"अर्धा चालतो." तिने फोन परत त्यांच्या हातात दिला. "आता हा अलर्ट काढून टाकू ना सर? काम झालं."

"राहू दे," सर म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली. तोपर्यंतच्या सकाळी मला नीट आठवतात. उजेड पुरता पसरायच्या आत सरांचा फोन वाजे. दूर कुठे तरी तो माणूस धानाला पाणी द्यायला बांधावर आलेला असे, आणि त्याच्या खिशातला फोन भोपळ्याजवळून गेलेला असे. सर अलर्ट पुन्हा लावत, उद्यासाठी. एखाद्या दिवशी फोन वाजला नाही तर ते अस्वस्थ होत. आजारी असेल का, कालवा बंद असेल का, असं काकूंना विचारत, जणू काकूंना ठाऊक असावं.

माझ्या जाण्याच्या दिवशी मी बॅग घेऊन खाली आलो तेव्हा फोन नुकताच वाजला होता. सर चष्मा लावून बघत होते.

"आला का?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आला शेतात."

"मंग त्याचाबी चहा ठेवू का?"

"ठेव," सर म्हणाले, आणि अलर्ट पुन्हा लावायला वाकले.